पेरो जिंकला असता तर

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. १९९२ साली अपक्ष उद्योगपती रॉस पेरो अध्यक्ष झाला असता तर अमेरिकेचं कर्ज फिटलं असतं, असं तू तुझ्या कादंबरीत चार पानं रंगवलंयस. पण तो निवडून कसा आला, हे एका ओळीत उरकलंस. अरे, खरी गंमत तिथेच आहे!

जूनमधल्या गॅलपच्या जनमत पाहणीत पेरो ३९ टक्के, तेव्हाचा रिपब्लिकन अध्यक्ष बुश ३१ आणि डेमोक्रॅट क्लिंटन चक्क तिसरा, २५. मग १६ जुलैला गड्याने मैदान सोडलं, १ ऑक्टोबरला परत उतरला आणि तरी जवळजवळ १९ टक्के मतं घेऊन गेला. अध्यक्ष ठरवणारी, राज्यवार मिळणारी इलेक्टोरल मतं मात्र शून्य. मेन राज्यात तर बुशला मागे टाकून दुसरा आला, तिथेही हाती भोपळाच.

तुझ्या कादंबरीतल्या इतिहासात तो जुलैत पळत नाही. ठीक आहे. मतं तिघांत फुटली आणि बहुमताची २७० इलेक्टोरल मतं कुणालाच गाठता आली नाहीत, तर? बाराव्या घटनादुरुस्तीप्रमाणे निवड संसदेच्या कनिष्ठ सभागृहाकडे, म्हणजे प्रतिनिधिगृहाकडे जाते, आणि तिथे प्रत्येक राज्याला एकच मत. कॅलिफोर्नियाच्या ५२ जणांनी आपसांत ठरवून एक मत द्यायचं. व्हर्माँटचा एकुलता एक प्रतिनिधी, अपक्ष बर्नी सँडर्स, त्याचंही तेवढंच वजन. जिंकायला २६ राज्यं लागतात. जानेवारी १९९३ मध्ये त्या सभागृहात डेमोक्रॅट २५८, रिपब्लिकन १७६ आणि पेरोच्या नावावर निवडून आलेला एकही नाही. जुलैत माघार घेताना त्याने हेच तर कारण दिलं होतं, की निवडणूक प्रतिनिधिगृहात जाऊन अडकेल. (पुढे मुलीच्या लग्नात रिपब्लिकन विघ्न आणणार होते, असंही सांगितलं. ते सोड.)

बरं, २७० मिळाली म्हणू. नाफ्टा, म्हणजे कॅनडा-मेक्सिकोबरोबरचा मुक्त व्यापार करार, त्याने सहज गाडला असता, मंजुरीला पाठवायचाच नाही, संपलं. त्यावर तर क्लिंटनच्या पक्षाचेच प्रतिनिधी उलटले होते: १०२ बाजूने, १५६ विरोधात. पण पेरोने सुचवलेला पेट्रोलवर पाच वर्षांत गॅलनमागे ५० सेंट कर? हातात छडी घेऊन टीव्हीवर तक्ते समजावणं वेगळं आणि सभागृहात मतं जमवणं वेगळं. क्लिंटनकडे दोन्ही सभागृहांत बहुमत होतं, त्याने १९९३ मध्ये ४.३ सेंट वाढवले, तर अर्थसंकल्प २१८ विरुद्ध २१६ असा जेमतेम तरला आणि सिनेटमध्ये (वरिष्ठ सभागृहात) उपाध्यक्ष गोरला निर्णायक मत टाकावं लागलं. आपल्या चंद्रशेखरांकडे निदान साठेक खासदार आणि काँग्रेसचा बाहेरून पाठिंबा होता, तरी चार महिन्यांत राजीनामा द्यावा लागला. पेरोला बाहेरून कोण देणार होतं?

तू एक शक्यता मात्र हातची घालवलीस. कुणालाच बहुमत नसेल तर उपाध्यक्ष निवडते सिनेट, तेही पहिल्या दोघांतूनच. क्लिंटन-गोर जोडी तिसरी राहिली असती, तर डेमोक्रॅटांच्या बहुमताच्या सिनेटला बुशचा जोडीदार क्वेल आणि पेरोचा जोडीदार स्टॉकडेल यांच्यातून एक निवडावा लागला असता! आणि प्रतिनिधिगृहाचा घोळ २० जानेवारीपर्यंत मिटला नाही, तर नवा उपाध्यक्षच काळजीवाहू अध्यक्ष. स्टॉकडेल म्हणजे व्हिएतनाममध्ये सात वर्षं कैदेत काढलेला ॲडमिरल, ज्याने वादसभेत उभं राहून 'मी कोण? मी इथे कशाला?' असं विचारलं आणि सगळा देश हसला. माझ्या मते क्वेलपेक्षा तो कितीतरी बरा. तुझी कादंबरी त्याच्यावर लिही, पेरोला सोड. पुढची पानं लवकर पाठव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश