काल्मीचं नाव कुठं गेलं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवाच्या रविवार पुरवणीत 'बिग डॉग्स' या रॅप गाण्यावरचा लेख वाचला. लेख झकास जमलाय, आमच्या घरात हे गाणं धाकट्या लेकीनं इतक्यांदा वाजवलंय की मला आता झोपेतपण ठेका ऐकू येतो, त्यामुळं कुणीतरी मराठी पेपरात त्यावर अर्धं पान लिहिलं याचा आनंदच झाला. पण दोन गोष्टी खटकल्या म्हणून हे पत्र. लांबलं तर माफी असावी.

पहिली गोष्ट म्हणजे अख्ख्या लेखात रॅपर हनुमानकाइंडचं नाव मी मोजलं तर सतरा वेळा आलंय आणि संगीत करणाऱ्या काल्मीचं, म्हणजे प्रोड्युसरचं, एकदापण नाही. अहो, ते गाणं दोघांचंय! जुलै 2024 मध्ये आलं तेव्हा दोघांच्या नावानं आलं आणि अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या 'हॉट हंड्रेड' या टॉप शंभर गाण्यांच्या यादीतपण 'हनुमानकाइंड आणि काल्मी' असंच छापून येत होतं. शब्द आणि आवाज सूरज चेरुकटचा म्हणजे हनुमानकाइंडचा, आणि तो जो पोटात गडगडणारा बेस आणि मध्येच सगळं अंगावर येणारा बीट आहे तो काल्मीचा. लेक म्हणते पप्पा, तो बीट काढला तर राहतं काय, कविता! आता कविता वाईट असं मला म्हणायचं नाही, पण मुद्दा कळला असेल. जुन्या हिंदी गाण्याबद्दल लिहिताना आपण फक्त गायकाचं नाव लिहून संगीतकार गाळतो का? मग इथंच प्रोड्युसर म्हणजे कुणी साउंडवाला पोऱ्या असल्यासारखं का?

आणि तो व्हिडिओ. बिजॉय शेट्टीनं केलाय, केरळात पोन्नानीला शूट झालाय. हनुमानकाइंड मौत का कुआँच्या तळाशी उभा राहून रॅप करतो आणि त्याच्या डोक्यावर भिंतीला चिकटून मोटारसायकली आणि गाड्या गरगर फिरतात. आमच्याकडं उरुसात दरवर्षी हा कुआँ लागायचा, लाकडी फळ्यांचा, वर जिना चढून जायचं आणि कठड्याला धरून खाली बघायचं, गाडी वर आली की सगळ्या फळ्या थरथरायच्या आणि पेट्रोलचा वास नाकात बसायचा. लोक दहाची नोट हात लांब करून धरायचे आणि तो गडी फिरता फिरता हँडल सोडून ती ओढून न्यायचा. मी सातवीत असताना एकदा नोट धरली होती, हात इतका कापत होता की त्याला दोन फेऱ्या जास्त माराव्या लागल्या. त्या गड्याचं नाव तेव्हा कुणी विचारलं नाही, मीपण नाही. तुमच्या लेखात 'थरारक स्टंट' एवढे दोन शब्द आहेत, बास. अमेरिकेतल्या पोरांनी हा व्हिडिओ परत परत बघितला, रिअ‍ॅक्शनचे व्हिडिओ काढले, ते गाण्यासाठी जेवढे बघितले असतील तेवढेच त्या भिंतीवरच्या माणसांसाठीपण, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दुसरी गोष्ट, ती जास्त महत्त्वाची. लेखात म्हटलंय की 'पहिल्यांदाच भारतीय आवाज अमेरिकेच्या टॉप हंड्रेडमध्ये'. हे चूक आहे आणि मराठी पेपरात तर ही चूक व्हायलाच नको होती, कारण 2002 साली त्याच यादीत नवव्या नंबरपर्यंत जो आवाज पोचला होता तो लताबाईंचा होता.

खरंय. 'अ‍ॅडिक्टिव्ह' नावाचं गाणं, ट्रुथ हर्ट्स नावाची गायिका आणि सोबत रॅपर राकिम, प्रोड्युसर डीजे क्विक. अख्ख्या गाण्याच्या मागं लताबाई गातायत, 'थोडा रेशम लगता है', 1981 च्या 'ज्योती' सिनेमातलं, संगीत बप्पी लाहिरींचं. आपल्याकडं त्याच सुमाराला 'कलियों का चमन'चा रिमिक्स प्रत्येक रिक्षात वाजत होता तेच हे मूळ गाणं. आमच्या मित्रानं सीडी आणली होती, आम्ही चौघं टेरेसवर ऐकत बसलेलो आणि लताबाईंचा आवाज आल्यावर चौघांनी एकमेकांकडं बघितलं ते मला अजून आठवतंय. मग सीडीचं कव्हर उलटंसुलटं करून पाहिलं. नाव कुठंच नाही! ना लताबाईंचं ना बप्पीदांचं.

पुढं सारेगामा या आपल्याकडच्या म्युझिक कंपनीनं अमेरिकेत पन्नास कोटी डॉलरचा दावा ठोकला आणि 2003 मध्ये लॉस एंजेलिसच्या कोर्टानं सांगितलं की बप्पी लाहिरींचं नाव टाकल्याशिवाय सीडी विकायची नाही. म्हंजे बघा, एका नावासाठी कोर्टात जावं लागलं आणि तेही संगीतकाराच्या, गाणारीचं तर लांबच राहिलं. बिग डॉग्सची मजल तेविसाव्या नंबरपर्यंत गेली, सत्तावनाव्या नंबरवरनं सुरुवात करून, ही कमाल कामगिरी आहे आणि ती स्वतःच्या नावानं आहे म्हणून तर माझ्या दृष्टीनं जास्तच मोठी आहे. पण 'पहिला भारतीय आवाज' म्हणू नका हो.

'अ‍ॅडिक्टिव्ह'च्या पुढच्याच वर्षी, म्हणजे 2003 मध्ये, पंजाबी एमसीचं 'मुंडियां तो बच के' जे-झीबरोबर तेहतीस नंबरपर्यंत गेलं. पंजाबी एमसी इंग्लंडचा, जे-झी न्यूयॉर्कचा, आणि ज्याच्या आवाजावर अख्खं जग नाचलं तो लाभ जंजुआ. 'लंडन ठुमकदा'पण त्याचंच. 2015 मध्ये मुंबईत गोरेगावला गेला तेव्हा किती जणांना कळलं की हा तोच.

हिप हॉपवाले मुळात दुसऱ्याच्या रेकॉर्डवरच उभे राहिलेत, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे लोक दोन टर्नटेबलवर रेकॉर्डचा एकच तुकडा फिरवत बसायचे त्यातनं हे सगळं आलं, त्यामुळं उचलेगिरी म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. पण विचारून घेतलं तर काय होतं तेपण बघा. एरोस्मिथ या अमेरिकन रॉक बँडचं 'वॉक धिस वे' 1977 मध्ये दहाव्या नंबरपर्यंत गेलेलं, रन-डीएमसी या रॅप ग्रुपची पोरं त्याच्या सुरुवातीच्या ड्रमवर रॅप करायची. प्रोड्युसर रिक रुबिननं काय केलं, त्या बँडच्या स्टीव्हन टायलर आणि जो पेरीलाच स्टुडिओत बोलवलं. 1986 मध्ये तेच गाणं चौथ्या नंबरवर गेलं, म्हंजे मूळ गाण्याच्यापण वर, आणि थंडावलेल्या एरोस्मिथची गाडी परत रुळावर आली ती वेगळीच. 2005 मध्ये ब्लॅक आयड पीज या अमेरिकन ग्रुपनं 'डोंट फंक विथ माय हार्ट'मध्ये कल्याणजी-आनंदजींच्या चाली घेतल्या तेव्हा गीतलेखनात त्यांची नावं रीतसर होती, आणि ते तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं.

अजून एक बारीक दुरुस्ती. लेखात असा सूर आहे की एकशेचाळीस कोटी लोकांनी ऐकल्यावर नंबर येणारच. बिलबोर्ड हॉट हंड्रेडमध्ये फक्त अमेरिकेतलं ऐकणं, तिथल्या रेडिओवर वाजणं आणि तिथली विक्री धरतात. आपण इथं मिरजेत दिवसभर यूट्यूब चालू ठेवलं तरी त्या यादीत एक आकडापण हलत नाही. आपलं ऐकणं ग्लोबल टू हंड्रेड नावाच्या वेगळ्या यादीत मोजतात, तिथं हे गाणं नवव्या नंबरपर्यंत गेलेलं. म्हणजे तेवीस नंबर हा त्या तिकडच्या लोकांनी दिलेला आहे, आपल्या गर्दीनं नाही.

त्यानंतरचं 'रन इट अप' पण बघा, तेपण याच त्रिकुटाचं, हनुमानकाइंड, काल्मी आणि बिजॉय शेट्टी. त्यात केरळचं कळरीपयट्टू, मणिपूरचं थांग-ता आणि पंजाबचा गतका यांच्याबरोबर आपले मर्दानी खेळपण आहेत, पट्टा फिरवणारी आपल्याकडची माणसं जगभरच्या मोबाईलवर दिसतायत. त्यावर आपल्या पेपरात ओळ आली असली तर माझ्या नजरेतनं सुटली असेल. त्यावर लिहिणार असाल तर कृपा करून पट्टा फिरवणाऱ्यांना गाठून त्यांची नावं लिहा, 'थरारक' नको.

जागा कमी असते हे मला कळतं. पत्र कापायचं झालंच तर उरुसाचा भाग कापा, माझ्या कापणाऱ्या हाताचं वर्णन नाही छापलं तर बरंच होईल. काल्मी मात्र ठेवा.

आपला,
एक जुना वाचक, मिरज