बंद प्लांट उभा करायला कोण शिकवणार?

महोदय,

खरीप जवळ आला की आपल्या पानांवर युरियाच्या बातम्या सुरू होतात. गोणीसाठी रांगा, दुकानदाराची लिंकिंगची, म्हणजे युरियाबरोबर दुसरा मालही घेण्याची, सक्ती, खताची मालगाडी (रेक) लागली की नाही लागली. ४५ किलोच्या गोणीची किंमत आणि त्यामागचं अनुदान यावरही लिहून येतं. पण ती गोणी ज्या कारखान्यातून निघते तो चालवणारी माणसं तयार कशी होतात, यावर कुणी लिहिल्याचं मला आठवत नाही. माझी सगळी नोकरी परराज्यांतल्या युरिया प्लांटमध्ये शिफ्टला गेली. शिफ्ट इन्चार्ज म्हणून निवृत्त झालो, आता पनवेलला असतो. म्हणून हे पत्र.

२०१४-१५ मध्ये देशात सुमारे २२५ लाख टन युरिया होत होता, २०२३-२४ मध्ये तो ३१४ लाख टनांच्या आसपास गेला. गडेपान, पानागढ, रामगुंडम, गोरखपूर, बरौनी आणि सिंदरी इथले नवे प्लांट वर्षाला प्रत्येकी साधारण १२.७ लाख टनांचे आहेत. अभिमान वाटावा असंच हे काम आहे. पण यातल्या काही गावांचा इतिहास बघा. सिंदरीला खत कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला, २००२ मध्ये बंद पडला. गोरखपूरचा तर १९९० पासूनच बंद होता. नवं यंत्र विकत आणता येतं, आणलंही. मधल्या वीस-तीस वर्षांत वरिष्ठाच्या हाताखाली तयार होणाऱ्या ऑपरेटरांची जी साखळी तुटली, ती निविदा काढून कशी जोडायची? चालू प्लांटमधली जाणती माणसं तिकडे गेली आणि इकडच्या शिफ्टा कोवळ्या झाल्या.

युरिया कसा होतो हे बी.एस्सी.चा कुठलाही मुलगा सांगेल. अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड दर चौरस सेंटिमीटरला १५० किलोच्या आसपास दाबाखाली, १८० अंशांच्या वर तापमानात एकत्र आणले की आधी कार्बामेट तयार होतं आणि त्यातलं पाणी सुटून युरिया. पुस्तक इथे थांबतं. हे तापलेलं कार्बामेट स्टेनलेस स्टीलसुद्धा खातं, ऑपरेटरचं खरं शिक्षण तिथून सुरू होतं. स्टीलवर ऑक्साइडचा पातळ थर टिकून राहावा म्हणून कार्बन डायऑक्साइडबरोबर थोडी हवा सोडावी लागते. नवा इंजिनिअर हुशार असतो. तो हिशेब मांडतो की या हवेमुळे व्हेंटमधून, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या नळीतून, थोडा अमोनिया वाया जातो, कॉम्प्रेसरवर भार पडतो, तेव्हा हवा कमी करू, ऊर्जा वाचेल. कागदावर त्याचं चूक नसतं. हवा कमी केल्यावर कंट्रोल रूमच्या पॅनेलवर एकही अलार्म वाजत नाही. प्लांट मजेत चालतो आणि आतून झिजत राहतो. प्रयोगशाळेच्या अहवालात निकेल, म्हणजे झिजलेल्या स्टीलचा अंश, वाढू लागलं की जुना माणूस दचकतो, नव्याला तो रकाना कशासाठी आहे हेच ठाऊक नसतं. बरं, हवा वाटेल तेवढी वाढवूनही चालत नाही, कारण कार्बन डायऑक्साइडबरोबर थोडा हायड्रोजन येत असतो आणि वरच्या व्हेंटकडे त्याचं हवेशी स्फोटक मिश्रण होऊ शकतं.

रिअ‍ॅक्टरच्या जाड कवचाला बारीक भोकं ठेवलेली असतात. आतलं अस्तर फुटलं तर गळती पहिल्यांदा तिथून दिसावी, यासाठी. तिथे पांढरी पुटं दिसू लागली तर प्लांट बंद करायचा, दुसरा विचार नाही. उत्पादनाचं टार्गेट अर्धवट असताना, रात्री अडीच वाजता, वरिष्ठांना फोन न करता हा निर्णय घेण्याची धमक वर्गातल्या स्लाइड बघून येत नाही. ती येण्यासाठी आधी कुणीतरी तो निर्णय घेताना आणि नंतर साहेबाने त्याची पाठ राखताना बघावं लागतं.

माझा मुद्दा एवढाच. आजचे प्लांट चांगले चालतात म्हणूनच शिकण्याची संधी कमी झाली आहे. आमच्या उमेदीत वीज जायची, गॅसचा दाब पडायचा, कॉम्प्रेसर ट्रिप व्हायचे, म्हणजे आपोआप बंद पडायचे. महिन्याकाठी एखादा स्टार्ट-अप नशिबी असायचाच. प्लांट ट्रिप झाल्यावर रिअ‍ॅक्टर किती तास भरलेला ठेवायचा, कधी रिकामा करायचा, कार्बामेटच्या लाइनी गार होऊन गोठण्याआधी कुठल्या क्रमाने फ्लश करायच्या, म्हणजे धुऊन काढायच्या, हे हाताला कळलं होतं. आता महिनोन्‌महिने प्लांट थांबत नाही. एक्सप्रेस वेवरच गाडी शिकलेल्या माणसाला अचानक पावसाळ्यात वरंध घाटात सोडावं, तशी गत या मुलांची पहिल्या ट्रिपला होते. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने एओसीपीची, म्हणजे केमिकल प्लांट ऑपरेटरची, अप्रेंटिसशिप पुरी केली. त्याला सगळे दाब-तापमान तोंडपाठ आहेत. कार्बामेट पंप फ्लश होताना त्याने एकदाही बघितलेला नाही. शटडाऊनमध्ये गर्दी नको म्हणून अप्रेंटिसांना घरी पाठवलं होतं!

खरं तर वार्षिक शटडाऊन हीच खरी शाळा. प्लांट थंड होताना, उघडताना आणि पुन्हा उभा राहताना शिकाऊ माणूस सलग तिथे हवा. रिअ‍ॅक्टरमधले ट्रे, उरलेलं कार्बामेट वेगळं करणाऱ्या स्ट्रिपरच्या नळ्या त्याने डोळ्यांनी बघाव्यात, म्हणजे पॅनेलवरचा आकडा कशाचा आहे हे त्याला कळेल. सिम्युलेटरच्या मी विरोधात नाही. शंभर वेळा ट्रिप करून बघायची सोय त्यात आहे, ती आम्हाला असती तर बरंच झालं असतं. पण सिम्युलेटरला वास नसतो आणि अडकलेला व्हॉल्व्ह पाना लावून सोडवावा लागत नाही.

कायदा काय सांगतो? भोपाळनंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात कलम ४१-सी आलं. घातक प्रक्रियेवर देखरेख करणारी माणसं पात्र आणि अनुभवी असावीत, असं त्यात सांगितलं होतं. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार आपत्कालीन योजनेचं मॉक ड्रिल सहा महिन्यांतून एकदा व्हायला हवं. होतंही. पण बहुतेकदा जनरल शिफ्टला, चहा झाल्यावर, सगळे अधिकारी हजर असताना. डिसेंबर २०२० मध्ये फुलपूरच्या खत कारखान्यात अमोनियाची गळती झाली आणि दोन अधिकारी गेले. ती वेळ रात्रीची होती. अमोनिया खरं तर हवेपेक्षा हलका, पण उणे ३३ अंशांचा द्रव अमोनिया सांडला की त्याचा गार ढग जमिनीलगत सरकत येतो. त्यातून वाऱ्याला आडवं निघायचं हे अंधारात, डोळे चुरचुरत असताना आठवलं पाहिजे. एखादं ड्रिल पहाटे तीनला घ्या, ठेकेदाराची माणसं धरून घ्या. फ्लँज (पाइपांचे जोड) उघडायला, बॅगिंगला, साफसफाईला तीच असतात आणि त्यांचं सुरक्षा प्रशिक्षण म्हणजे गेटवर दाखवलेली एक फिल्म आणि सही.

हे सगळं होत नाही त्याचं कारण व्यवस्थापनाचा दुष्टपणा नव्हे, पैसा आहे. जुन्या युरिया कारखान्यांना अनुदानात मिळणारा स्थिर खर्च (पगार, देखभाल असा उत्पादन कमी-जास्त झालं तरी होणारा खर्च) आजही मुख्यतः २००२-०३ च्या आकड्यांवर बेतलेला आहे. प्रशिक्षण त्याच पिशवीतून करायचं, त्यामुळे कात्री तिथेच लागते. दुसरीकडे २०१५ च्या युरिया धोरणाने ऊर्जेचं लक्ष्य गटानुसार टनाला ५.५ ते ६.५ गिगाकॅलरी ठरवून दिलं. एका ट्रिपमध्ये किती गॅस नुसता जळून जातो हे मंत्रालयातल्या हिशेबनिसांनी एकदा शिफ्टला येऊन बघावं. जाणता ऑपरेटर वाचवतो त्यात गॅसही असतो आणि माणसंही.

माझी मागणी मोठी नाही. खत विभागाने प्रशिक्षणाचा खर्च स्थिर खर्चातून वेगळा काढून द्यावा. त्या बदल्यात, रात्रपाळीला पॅनेलवर बसणाऱ्यांपैकी किती जणांनी थंड पडलेला प्लांट स्वतः उभा केला आहे, हा एक रकाना अनुदानाच्या कागदपत्रांत भरून घ्यावा. आपल्या थळ आणि ट्रॉम्बेच्या कारखान्यांपासून सुरुवात केली तरी चालेल.

— एक निवृत्त शिफ्ट इन्चार्ज, पनवेल