दहा दिवसांत नाशिकला बर्फ कुठून आणायचा? स्नोशूच्या परताव्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : स्नोशूच्या दोन जोडांबाबत दिलेली चुकीची माहिती, तुटलेलं बकल आणि नाकारलेला परतावा.

महोदय,

ऑक्टोबरमध्ये आपल्या संकेतस्थळावरून मी स्नोशूचे, म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटींचे, दोन जोड मागवले. एक माझ्यासाठी, एक भाच्यासाठी. दोन्ही २२ इंची, मिळून २३,८०० रुपये. डिसेंबरअखेर उत्तरकाशी जिल्ह्यातल्या दयारा बुग्याल या डोंगरावरच्या कुरणाच्या वाटेवर ते पहिल्यांदा पायात चढवले आणि त्याच दिवशी दोन्ही जोड कामातून गेले. भाच्याच्या जोडाला त्याचं वजन पेललं नाही, माझ्या जोडाचं बकल तुटलं. परत आल्यावर फोटोंसह ईमेल केला. त्यावर आपल्याकडून उत्तर आलं की परताव्याची मुदत माल मिळाल्यापासून दहा दिवस असते, ती उलटून गेली आहे, शिवाय वस्तू वापरलेली आहे.

आधी या दहा दिवसांबद्दलच बोलते. मी नाशिकला राहते. ऑक्टोबरात आमच्याकडे दुपारी पंखा लावावा लागतो. पार्सल आलं तेव्हा ते उघडून शिवण, पट्टे, खालचे स्टीलचे दाते, सगळं नीट पाहिलं. याहून जास्त काय तपासायचं होतं? आपल्या प्रतिनिधीने फोनवर सांगितलं, "मॅडम, घरी ट्राय करून बघायला हवं होतं." घरी म्हणजे हॉलमधल्या फरशीवर? दात्यांचे ओरखडे उठले असते आणि मग ‘वस्तू वापरलेली आहे’ म्हणून आपणच ती परत घेतली नसती. निफाडला कडाक्याच्या थंडीत पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो, द्राक्षबागांमधून शेकोट्या पेटतात, पण पाय रुतेल असा बर्फ तिथेही पडत नाही. आणि ती थंडीही डिसेंबर-जानेवारीतच, आपल्या दहा दिवसांत नाहीच.

आयत्या वेळी मागवावं, तर हिवाळी ट्रेक तसा ठरत नाही. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि नाताळच्या सुट्टीतली तिकिटं बघता बघता संपतात. रजा, गावातला गाइड, मुक्काम हे सगळं त्यामागोमाग ठरवावं लागतं. सामानही तेव्हाच घ्यायचं, म्हणजे काही कमी पडलं तर बदलायला वेळ राहतो. आपल्याच संकेतस्थळावर दिवाळीच्या सुमारास ‘हिवाळी ट्रेकची तयारी आत्ताच करा’ अशी जाहिरात झळकत होती. आत्ता घ्या म्हणायचं आणि बर्फ पडण्याआधी मुदत संपवायची, ही कुठली रीत?

आता मुख्य मुद्दा, वजनाचा. आपल्या पानावर लिहिलं आहे, ‘१०० किलोपर्यंत, सर्व प्रकारच्या बर्फासाठी’. ते आजही तसंच आहे, छायाचित्र सोबत जोडलं आहे. स्नोशू घातला की बुटाच्या तळव्यापेक्षा कितीतरी मोठ्या जागेवर वजन पसरतं आणि पाय खोल जात नाही, एवढंच त्याचं काम. म्हणून त्याचं माप पायाच्या लांबीवरून घेत नाहीत, माणूस आणि पाठीवरची सॅक यांच्या एकूण वजनावरून घेतात. ताज्या, भुसभुशीत बर्फात त्याच वजनाला जास्त मोठा स्नोशू लागतो, कारण दबून घट्ट झालेल्या बर्फाइतका आधार तिथे मिळत नाही. चांगले उत्पादक २२, २५, ३० इंच अशी मापं आणि प्रत्येकासमोर वजनाचा तक्ता देतात. आपल्या पानावर तक्ता नाही आणि खोक्यात साधी माहितीपत्रिकाही नव्हती.

रैथल गावातून आम्ही चढायला लागलो त्याच्या आदल्या रात्रीच नवा बर्फ पडला होता. दयारा निवडलं ते विचार करूनच. हिमस्खलनं मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. दयाराची कुरणं रुंद आणि सौम्य उताराची आहेत, आणि खालची वाट ओक आणि बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) यांच्या जंगलातून जाते. स्नोशूसाठी याहून सोयीची जागा शोधून मिळायची नाही. माझं वजन ५६ किलो, सॅक धरून त्रेसष्टच्या आसपास. मी घोट्याइतकी रुतत होते, ठीक चाललं होतं. भाचा ८४ किलोचा, सॅक आणि कपड्यांसकट ९५ च्या आत. तोच स्नोशू, तोच उतार, आणि तो चालत होता माझ्या पावलांवरून, तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यापर्यंत आत. पाय वर काढताना स्नोशूवर बर्फाचा ढीग चढायचा, तो झटकायचा आणि पुढचं पाऊल टाकायचं. तासाभरात त्याचा आतला टी-शर्ट घामाने चिंब. थांबलं की तोच घाम गार पडतो, आणि अशा थंडीत ओले कपडे अंगावर असणं ही चेष्टा नाही. आपल्या ‘१०० किलो’चा अर्थ आम्हाला तिथे समजला.

यावर आपला दुसरा ईमेल असा : ‘हे मॉडेल प्रामुख्याने मळलेल्या वाटांसाठी आहे.’ मग पानावर ‘सर्व प्रकारच्या बर्फासाठी’ कोणी लिहिलं? शिवाय वाट मळलेली असेल तर स्नोशू हवाच कशाला? तिथे बुटाला मायक्रोस्पाइक, म्हणजे छोट्या दात्यांच्या साखळ्या, चढवले की भागतं. बारा हजारांची वस्तू माणूस विकत घेतो ती वाट मळलेली नसते म्हणूनच.

बकलाची गोष्ट त्याच दिवशीची. टाचेमागचा पट्टा सैल झाला म्हणून ओढला, तर ‘टक्’ करून प्लॅस्टिकचा तुकडा उडाला आणि बर्फात गेला. मी काही कुस्ती खेळत नव्हते, हातमोजे घातलेल्या दोन बोटांनी ओढत होते. शून्याखालच्या तापमानात वापरायच्या वस्तूला थंडीत तडकणारं प्लॅस्टिक लावायचं, यामागे काय विचार असेल, मला खरंच ऐकायला आवडेल. गाइडभैयांनी नायलॉनच्या दोरीने टाच बांधून दिली. दहा-पंधरा पावलांत दोरी घसरायची. गाठ सोडायला हातमोजे काढावे लागायचे, आणि गाठीत बर्फ घट्ट बसलेला. उजव्या हाताची बोटं बधिर झाली तेव्हा गाइडभैयांनी सरळ सांगितलं, आता मागे फिरायचं. दुपारी एक वाजेपर्यंत जिथे पोचू तिथून परत, असं आमचं आधीच ठरलेलं होतं, कारण डिसेंबरात साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. आम्ही त्याच्याही आधी वळलो. बुग्याल दिसलंसुद्धा नाही. सुटं बकल मिळेल का, असंही मी विचारलं होतं. ‘सुटे भाग उपलब्ध नाहीत’ एवढंच उत्तर आलं.

माझ्या मागण्या अशा. दोन्ही जोडांची पूर्ण रक्कम परत करावी आणि माल आपल्या खर्चाने नाशिकहून उचलून न्यावा. संकेतस्थळावरचं ‘१०० किलो, सर्व प्रकारच्या बर्फासाठी’ हे वाक्य काढून त्या जागी वजन आणि बर्फाचा प्रकार सांगणारा तक्ता टाकावा. हिवाळी साहित्याच्या परताव्याची मुदत हंगाम संपेपर्यंत ठेवावी. ही शेवटची मागणी मान्य करायला कायदा आपल्याला भाग पाडत नाही, हे मला माहीत आहे, पण थंडीचं सामान विकणाऱ्याला ती सुचायला हरकत नसावी.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत देणं आणि महिन्याभरात तिचं निवारण करणं आपल्यावर बंधनकारक आहे. तसं न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करेन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि एवढ्या रकमेच्या दाव्याला शुल्कही नाही. आपलं कार्यालय कुठल्या शहरात आहे, याने काही अडत नाही.

पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जमा करावेत. पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन पाठवू नये.

कळावे,
आपली ग्राहक,
गंगापूर रोड, नाशिक

सोबत : पावतीची प्रत, संकेतस्थळाच्या पानाचं छायाचित्र, तुटलेल्या बकलाचे फोटो, आपले दोन्ही ईमेल.