चुकीच्या स्पेलिंगचे डोमेन ही गुंतवणूक नव्हे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरबसल्या उत्पन्नाचे मार्ग सांगणारा लेख आला होता. हे पत्र त्यातल्या एकाच परिच्छेदाबद्दल आहे. नामांकित कंपनीच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, घ्यावे, त्यावर जाहिराती लावाव्यात आणि पुढेमागे त्या कंपनीलाच ते चढ्या भावाने विकावे, असा सल्ला त्यात दिला आहे. मी डोमेन नोंदणी आणि होस्टिंगचे काम करते. लेख आल्यापासून अशी नावे शिल्लक आहेत का, हे विचारणारे फोन मला येत आहेत आणि विचारणारी बहुतेक कॉलेजातली मुले आहेत. त्यांना हा सल्ला महागात पडणार आहे. आपण तो मागे घ्यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नाव मिळाले म्हणजे हक्क मिळाला, असे या मुलांना वाटते. रजिस्ट्रारची, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीची, यंत्रणा नाव रिकामे आहे की नाही, एवढेच बघते. ते कुणाच्या ट्रेडमार्कच्या आड येते का, हे बघायची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. डॉट कॉमसारखे नाव घेताना जो करार आपण न वाचता मान्य करतो, त्यात डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेचे १९९९ सालचे तंटानिवारण धोरण आलेलेच असते. आमच्या धंद्यात त्याला यूडीआरपी म्हणतात. माझ्या माहितीप्रमाणे या नावाने दुसऱ्या कुणाच्या हक्काला बाधा येत नाही, असे आपण त्यात लिहून देतो. दरवर्षी नाव रिन्यू करतानाही तीच हमी पुन्हा दिली जाते.

तक्रार करणाऱ्या कंपनीला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. नाव आपल्या चिन्हाशी फसगत होण्याइतके जुळते, घेणाऱ्याचा त्यावर काही न्याय्य हक्क नाही आणि ते वाईट हेतूने घेतले व वापरले जात आहे. चुकीच्या स्पेलिंगच्या नावात पहिल्या दोन गोष्टी सहसा आपोआप सिद्ध होतात, कारण त्या चुकीला ब्रँडखेरीज दुसरा अर्थच नसतो. राहिला हेतू. ‘मी तर त्या नावावर काहीच चालवत नाही, नुसते घेऊन ठेवले आहे,’ असे मला फोनवर हमखास ऐकवले जाते. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या, म्हणजे वायपोच्या, लवाद केंद्राने हा प्रश्न २००० सालीच, टेल्स्ट्रा या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या तक्रारीत निकाली काढला. परिस्थिती तशी असेल तर नाव नुसते धरून ठेवणे हाही वाईट हेतूने केलेला वापर ठरू शकतो, असे तेव्हा ठरले आणि तो निकाल आजही सतत उद्धृत होतो.

लेखातला सगळ्यात घातक भाग म्हणजे कंपनीला विकण्याचा सल्ला. नोंदणीला झालेल्या खर्चापेक्षा जास्त किमतीला ते नाव ब्रँडच्या मालकाला विकण्याच्या हेतूने घेणे, हे यूडीआरपीने वाईट हेतूचे पहिलेच उदाहरण म्हणून दिले आहे. म्हणजे ज्या मेलमध्ये आपण भाव सांगतो, तीच मेल तक्रारीला पुरावा म्हणून जोडली जाते. २००३ साली कॅनडातल्या माइक रो नावाच्या एका शाळकरी मुलाने आपल्या नाव-आडनावापुढे ‘सॉफ्ट’ जोडून डोमेन घेतले. उच्चार मायक्रोसॉफ्टसारखा होत होता. कंपनीने नोंदणीखर्चापोटी दहा डॉलर देऊ केले, त्याने चिडून दहा हजार मागितले आणि तो आकडाच त्याच्यावर उलटवण्यात आला. त्याचे नाव खरेच तसे होते, लोकांची सहानुभूती त्याच्या बाजूने होती, म्हणून प्रकरण सामोपचाराने मिटले. स्पेलिंग मुद्दाम बिघडवून घेतलेल्या नावाला अशी सहानुभूती मिळत नाही.

‘कंपनी वकिलाला पैसे देण्याऐवजी आपल्यालाच देईल’ हा हिशेबही चुकतो. वायपोकडे एका सदस्याच्या मंडळापुढे पाच नावांपर्यंतच्या तक्रारीची फी दीड हजार डॉलर आहे. वकिलाचा खर्च त्यावर. तरीही २०२३ या एका वर्षात तिथे सहा हजारांहून जास्त तक्रारी आल्या. मोठ्या कंपन्या ही फी आनंदाने भरतात, कारण एकाला पैसे दिले की दुसरे दहा जण उभे राहतात, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

आपल्याकडे डोमेनसाठी वेगळा कायदा नाही, म्हणून इथे चालून जाते, असेही कुणी समजू नये. १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे रेडिफविरुद्ध ‘रॅडिफ’ असा दावा आला होता. इंग्रजीत लिहिताना फरक फक्त एका अक्षराचा. प्रतिवादींचे म्हणणे असे, की रॅडिकल, इन्फर्मेशन, फ्यूचर आणि फ्री या शब्दांतली अक्षरे घेऊन आम्ही हे नाव तयार केले. न्यायालयाने मनाई हुकूम दिला. पुढे ‘सिफी’ ही इंटरनेट कंपनी आणि ‘सिफ्फीनेट’ यांच्यातला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथेही प्रतिवादींनी सांगितले, की पाच प्रवर्तकांच्या नावांची आद्याक्षरे जोडून आमचे नाव झाले आहे. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही आणि डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखेच संरक्षण मिळते, हे स्पष्ट केले. हे दोन निकाल मी फोन करणाऱ्या प्रत्येकाला सांगते, कारण आद्याक्षरांची अशीच एखादी जुळवाजुळव बहुतेकांनी आधीच करून ठेवलेली असते.

यूडीआरपीत फार तर नाव जाते, दंड होत नाही. अमेरिकेतल्या १९९९ सालच्या कायद्यात मात्र न्यायालय दर नावामागे एक हजारापासून एक लाख डॉलरपर्यंत भरपाई लावू शकते आणि कंपनीला आपले प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करायची गरज नसते. जॉन झुकारिनी हे या विषयातले सगळ्यात कुप्रसिद्ध नाव. अशी हजारो डोमेन त्याच्याकडे होती. चुकून आलेला माणूस जाहिरातींच्या खिडक्यांत अडकायचा आणि दर क्लिकमागे याला काही सेंट मिळायचे. ‘जो कार्टून’ या व्यंगचित्रकाराच्या साइटशी मिळतीजुळती पाच नावे त्याने घेतली होती. दाव्याची नोटीस मिळाल्यावर काही तासांतच त्याने त्या पानांवर व्यंगचित्रकाराच्या निषेधाचा मजकूर टाकला आणि हे माझे अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, असा बचाव केला. न्यायालयाने तो फेटाळला. नावामागे दहा हजार डॉलर आणि वर वकिलाचा खर्च त्याच्यावर बसला. तरी तो थांबला नाही. लहान मुलांच्या आवडत्या ब्रँडची नावे बिघडवून तो मुलांना अश्लील पानांवर नेत होता. २००३ साली त्याला अटक झाली आणि पुढच्या वर्षी अडीच वर्षांची कैद.

‘आम्ही तर माणसाला त्या कंपनीच्याच खऱ्या साइटवर पाठवतो आणि फक्त कमिशन घेतो’ हा बचावही मी ऐकला आहे. लँड्स एंड या कपड्यांच्या कंपनीने अशाच कमिशनवाल्यांवर दावा लावला होता आणि २००६ साली न्यायालयाने तो सुनावणीआधीच निकालात काढायला नकार दिला. जो ग्राहक तसाही त्या कंपनीकडेच चालला होता, त्याच्यावर कमिशन उकळायचे, ही फसवणूकच आहे.

आता ज्या गोष्टीने मला खरेच अस्वस्थ केले, ती सांगते. एका तरुणाने कुणाकडून तरी विकत घेतलेली अशी काही नावे माझ्याकडे हलवायला आणली. एका नावाच्या सेटिंगमध्ये एमएक्स नोंद (मेल कुठे पोचवायची हे सांगणारी नोंद) आणि कॅच-ऑल मेलपेटी सुरू होती. म्हणजे त्या डोमेनवर कुठल्याही नावाने पाठवलेली मेल एकाच पेटीत पडत होती. पेटी उघडली तर विषयांची भली मोठी रांग. ‘बायोडेटा जोडला आहे’, ‘पगाराची स्लिप दुरुस्त करून पाठवत आहे’, ‘ऑर्डर अजून आली नाही’, ‘वैद्यकीय रजेचा अर्ज’. पाठवणाऱ्या प्रत्येकाला वाटत होते, की आपली मेल कंपनीत पोचली. एकीने तर तीच मेल तीनदा पाठवली होती, शेवटच्या वेळी विषयात ‘कृपया उत्तर द्या’ जोडून. त्या तरुणाला याची कल्पनाच नव्हती आणि त्याचा चेहरा पडला. आम्ही एकही मेल उघडली नाही, ती नोंद तिथल्या तिथे काढली. २०११ साली दोन सुरक्षा-संशोधकांनी मोठ्या कंपन्यांच्या डोमेनमधला एखादा टिंब गाळून अशी नावे घेतली, तेव्हा सहा महिन्यांत त्यांच्याकडे एक लाख वीस हजार मेल आल्या होत्या. लवाद मंडळेही अशी एमएक्स नोंद फिशिंगच्या, म्हणजे खोट्या मेलने लोकांना फसवण्याच्या, शक्यतेचे लक्षण मानतात. मालकाचा हेतू काही असो, दुसऱ्याचे पगार आणि आजारपण त्याच्या पेटीत साठत राहते आणि उद्या त्यातले काही बाहेर गेले, तर बोट त्याच्याकडेच दाखवले जाणार.

सगळीच चुकीच्या स्पेलिंगची नावे बेकायदा असतात, असे मात्र मी म्हणणार नाही. जेरी फॉलवेल या अमेरिकन धर्मोपदेशकाच्या समलैंगिकतेविषयीच्या मतांवर टीका करणारी साइट एकाने त्यांच्या आडनावात एक एल वाढवून चालवली होती. लवाद आणि खालचे न्यायालय त्याच्या विरोधात गेले, पण अपील न्यायालयाने २००५ साली त्याच्या बाजूने निकाल दिला. साइट विक्रीसाठी नव्हती, ती पाहून कुणाची फसगत होत नव्हती आणि ही फॉलवेल यांची साइट नाही, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. टीका करायचा हक्क मला मोलाचा वाटतो. पण तो नोटीस आल्यावर आठवून उपयोगाचा नाही. झुकारिनीने तेच केले.

ज्यांनी आधीच अशी नावे घेतली आहेत, त्यांनी आज जाहिरातींचे पार्किंग पान काढावे. कॅच-ऑल आणि एमएक्स नोंद बंद करावी आणि ऑटो-रिन्यू काढून टाकावे. पार्किंगच्या जाहिराती आपोआप येतात, ‘त्या मी लावल्या नाहीत’ म्हणून सुटका होत नाही, कारण डोमेनवर जे दिसते त्याची जबाबदारी मालकाची असते. नाव तिसऱ्याच माणसाच्या गळ्यात मारू नये. विकत घेणाऱ्याचा हेतू तो नाव घेईल त्या दिवसापासून पुन्हा तपासला जातो, म्हणजे आपण आपली अडचण त्याच्या माथी मारतो. कंपनीची नोटीस आली असेल, तर भाव न सांगता नाव फुकट हस्तांतरित करायची तयारी लेखी कळवावी. बहुतेक प्रकरणे तिथेच मिटतात. रीतसर तक्रार दाखल झाली की नाव लॉक होते आणि उत्तर द्यायला वीस दिवस मिळतात. उत्तर नाही दिले, तर समोरच्याची कागदपत्रे पाहूनच निर्णय होतो. आणि नाव खरेच आपल्या आडनावावरून किंवा जुन्या व्यवसायावरून घेतलेले असेल, तर गप्प बसून ते घालवू नये. नोंदणीची पावती, व्यवसायाचे जुने कागद, त्या नावाने आलेली पत्रे जोडून मुदतीत उत्तर द्यावे. कंपनीने उगाच त्रास द्यायला तक्रार केली असेल, तर मंडळ तसेही नोंदवते. उत्तर साधारणपणे नोंदणी कराराच्या भाषेत द्यावे लागते, म्हणून वीस दिवसांतले पहिले दोन-चार जाणकार वकील शोधण्यात घालवले तरी चालतील.

आपली विश्वासू,
डोमेन नोंदणी व होस्टिंगचे काम करणारी एक वाचक