पाँटिंगच्या बॅटमधली स्प्रिंग

महोदय,

साताऱ्यात माझं खेळाच्या सामानाचं दुकान आहे. गेल्या रविवारी एक गृहस्थ नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन बॅट घ्यायला आले. बॅट निवडता निवडता त्याला म्हणाले, "पाँटिंगच्या बॅटमध्ये स्प्रिंग होती, म्हणून आपण फायनल हरलो." थट्टा नव्हती. पोराला इतिहास शिकवत होते.

२३ मार्च २००३ ला जोहान्सबर्गमध्ये पाँटिंगच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध झालेल्या त्या वर्ल्ड कप फायनलनंतर दोन-तीन दिवसांतच ही बातमी शाळकरी पोरांनी माझ्या दुकानात आणली होती. "काका, बॅट तपासायला नेलीय, मॅच परत होणार!" तेव्हा ना व्हॉट्सॲप होतं, ना फेसबुक. एकाने तर स्प्रिंगवाली बॅटच मागितली. "माल संपलाय" म्हणून मी त्याला काश्मीर विलोची साधी बॅट खपवली. या पापात माझाही वाटा आहे, म्हणून हे पत्र.

गंमत अशी, की बॅटमध्ये स्प्रिंग असते! दांडा वेताचे तुकडे चिकटवून करतात. त्यांच्यामध्ये रबराच्या पातळ पट्ट्या घालतात, हाताला हादरा बसू नये म्हणून. त्या पट्ट्यांनाच धंद्यात स्प्रिंग म्हणतात. जुन्या विलायती बॅटींवर 'ट्रेबल स्प्रिंग' असं छापलेलंही असायचं. दुरुस्तीला आलेली एक मोडकी बॅट होती, तिच्या दांड्यावरचा दोरा सोडून मी बापलेकांना रबर दाखवलं.

"हे वेगळं. त्याची लोखंडी होती. नंतर बंदी नाही का आली?" वडील म्हणाले.

बंदीचं म्हणाल तर ती भानगड २००६ ची. पाँटिंग वापरायचा त्या बॅटच्या पाठीवर ग्रॅफाइटची पट्टी चिकटवलेली असायची, क्रिकेटचे नियम करणाऱ्या एमसीसीने हरकत घेतली, कंपनीने त्या बॅटी मागे घेतल्या. त्यात लोखंड नाही की स्प्रिंग नाही.

आणि त्याच फायनलमध्ये मोडक्या बोटाने नाबाद ८८ काढणाऱ्या त्यांच्या मार्टिनचं काय? टॉस जिंकून आपणच फिल्डिंग घेतली, झहीरची पहिलीच ओव्हर वाइड-नोबॉलसकट १५ धावांची गेली. त्यांचे २ बाद ३५९, आणि आपला सचिन पहिल्याच ओव्हरमध्ये ४ वर आउट. त्या रात्री मीही जेवलो नव्हतो. पण पाँटिंगचे नाबाद १४० त्याच्या मनगटातले होते, हे मान्य करायला बावीस-तेवीस वर्षं पुरेत की.

वडिलांनी बॅट घेतली, घासाघीस करून पन्नास रुपये कमीही करून घेतले. पायरी उतरताना पोरगं मात्र नवी बॅट कानाशी धरून हलवून बघत होतं.

— एक क्रीडासाहित्य विक्रेता, सातारा