अरोवानाच्या पिल्लाला रंगाची घाई नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत अरोवाना माशांच्या छायाचित्रांचे जे पान आले, ते मी आवडीने पाहिले. लाल आणि सोनेरी मासे त्यात देखणे दिसत होते यात शंका नाही. परंतु ते सगळे पूर्ण वाढलेले, कित्येक वर्षे जोपासलेले मासे होते आणि ही गोष्ट पानावर कुठेही लिहिलेली नव्हती. अशी छायाचित्रे पाहून माणूस चार-पाच इंचांचे पिल्लू घरी आणतो, काही महिने वाट पाहतो आणि रंग येत नाही असे दिसले की त्या पिल्लावर नाना प्रयोग सुरू करतो. अनेक वर्षे हे मासे लहानाचे मोठे करत आलो असल्याने त्या पिल्लांच्या बाजूने चार शब्द लिहावेसे वाटले.

अरोवानाचा रंग सर्वांत आधी त्याच्या वंशात असतो. बोर्निओच्या पश्चिम भागातील कापुआस नदीच्या खोऱ्यातला लाल, सुमात्रातला लाल शेपटीचा सोनेरी आणि मलेशियातील बुकित मेराह परिसरातला, ज्याचे सोने पाठ ओलांडून दुसऱ्या बाजूला उतरते तो सोनेरी, असे आशियाई अरोवानाचे नावाजलेले प्रकार आहेत. शेपटी लाल असलेल्या सोनेरी माशाचे सोने साधारणपणे खवल्यांच्या चौथ्या-पाचव्या ओळीशी थांबते. ते पाठीवर चढवण्याचे औषध कोणाकडेही नाही. दक्षिण अमेरिकेतला रुपेरी अरोवाना तर वेगळ्याच प्रजातीचा आहे आणि त्याला काहीही खाऊ घातले तरी तो लाल होणार नाही. अस्सल लाल वंशाचे पिल्लूसुद्धा लहानपणी रुपेरी-हिरवटच दिसते. पराच्या कडेला आणि ओठांवर नारिंगी झाक असली, तर जाणकार तेवढ्यावर समाधान मानतो, कारण कल्ल्यांच्या झाकणांवर आणि खवल्यांच्या कडांवर रंग भरायला दोन-तीन वर्षे सहज लागतात आणि तो पुरता पिकायला कित्येकदा त्याहून अधिक.

मग पहिल्या वर्षी करायचे काय, तर पाणी सांभाळायचे. अरोवाना मांसाहारी असल्याने त्याच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया हे माशाला विषारी द्रव्य भरपूर बाहेर पडते. ते पचवणारे जिवाणू नव्या टाकीतल्या फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणून टाकी आधी तयार करावी आणि पिल्लू नंतर आणावे. अमोनिया आणि त्यापासून बनणारे, तितकेच घातक नायट्राइट दोन्ही शून्यावर हवेत, तापमान 28 ते 30 अंश सेल्सियस, पाण्याची आम्लता दाखवणारा पीएच 6 ते 7 च्या दरम्यान. दर आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदलावे, नवे पाणी क्लोरीन घालवलेले आणि त्याच तापमानाचे असावे, आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाच्या क्लोरीनने ते जिवाणू मरतात आणि महिनाभराची मेहनत पाच मिनिटांत वाहून जाते.

हे मी चूक करून शिकलो. माझे एक सोनेरी पिल्लू नऊ इंचांचे झाले तरी मी ते जुन्या, अपुऱ्या टाकीतच ठेवले होते. मासा उत्तम खात होता, त्यामुळे मला कसलीच शंका आली नाही. एका सकाळी खायला घालताना त्याच्या डाव्या कल्ल्याच्या झाकणाची मऊ कड बाहेरच्या बाजूला वळलेली दिसली, वाळत आलेल्या पानाची कड वळते तशी, आणि आतला लाल कल्ला उघडा पडला होता. अपुरी जागा, साचलेले पाणी आणि प्राणवायूची कमतरता यांनी हा दोष येतो. मी त्याला मोठ्या टाकीत हलवले, हवेचा पंप वाढवला आणि पाणी अधिक वेळा बदलू लागलो. कड हळूहळू बरीचशी सरळ झाली, पण पूर्वीसारखी कधीच बसली नाही. हा मासा तीन फुटांच्या आसपास वाढू शकतो आणि पहिल्या वर्षातच फुटाच्या घरात जातो, हे टाकी घेण्याआधी लक्षात ठेवावे.

खाण्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण रंग खुलवण्यात आपल्या हाती जे काही आहे ते बहुतेक इथेच आहे. लाल-नारिंगी छटा देणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये माशाचे शरीर स्वतः तयार करीत नाही. ती खाण्यातूनच मिळावी लागतात. कोळंबीच्या कवचात याच गटातले अ‍ॅस्टाझँथिन असते, म्हणून कोळंबी सोलून देऊ नये. फक्त डोक्यावरचा टोकदार काटा मोडावा आणि पिल्लाच्या तोंडात मावेल एवढाच तुकडा द्यावा. अगदी लहान पिल्लाला रक्तकिडे आणि जवळा, पुढे नाकतोडे, रातकिडे आणि तरंगणारे दाणेदार खाद्य, असा पालट ठेवावा. रातकिड्यांना आदल्या दिवशी गाजर खाऊ घातले तर ते माशाच्याही पोटात जाते. लहानपणी दिवसातून दोन-तीनदा थोडे-थोडे द्यावे. जिवंत छोटे गोल्डफिश देण्याची हौस मात्र टाळावी: त्यांतून परजीवी येतात आणि त्यांच्यातले थायामिनेज हे विकर ब-1 जीवनसत्त्व नष्ट करते. चरबीचे मांसही नको. डोळे खाली झुकण्याच्या दोषाच्या कारणांवर पाळणाऱ्यांत एकमत नसले, तरी डोळ्यामागे साचणारी चरबी आणि सतत तळाकडे पाहण्याची सवय ही कारणे नेहमी सांगितली जातात. पिल्लाने एक-दोन दिवस तोंड फिरवले तर घाबरू नये. पाणी तपासावे आणि थांबावे.

तीव्र दिव्यांखाली तासन्‌तास ठेवून रंग चढवण्याची पद्धत मोठ्या, ठणठणीत माशासाठी जाणकार वापरतात. चार इंचांच्या पिल्लाला ती लावणे मला क्रूर वाटते. संप्रेरके घालून अवेळी रंग आणलेल्या शोभिवंत माशांविषयीही माझे हेच मत आहे. आणि टाकीवर भक्कम, वजनदार झाकण नसेल तर बाकी सगळे व्यर्थ आहे, कारण हा मासा पाण्याबाहेर झेप घेतो आणि बरीच पिल्ले पहिल्या काही रात्रींतच जमिनीवर मरून पडलेली सापडतात.

या पिल्लांची किंमत निसर्गानेही मोजलेली आहे. मोठमोठी अंडी आणि नंतर पिल्ले नर मासा सुमारे दोन महिने तोंडात सांभाळतो. मादी घालते ती अंडी थोडीच असल्याने जंगली संख्या लवकर घटते. आशियाई अरोवाना 1975 पासून साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या परिशिष्टात आहे. त्याचा वैध आंतरराष्ट्रीय व्यापार नोंदणीकृत पैदास केंद्रांतल्या, शरीरात मायक्रोचिप आणि सोबत प्रमाणपत्र असलेल्या माशांपुरताच आहे.

आपणास एकच विनंती आहे. यापुढे पुरवणीत अशा माशाचे छायाचित्र छापाल, तेव्हा त्याखाली त्याचे वय आणि छायाचित्र कोणत्या दिव्याखाली टिपले ते लिहावे, आणि जमल्यास त्याच माशाचे पहिल्या वर्षातले एखादे छायाचित्र शेजारी द्यावे.

आपला नम्र,
एक मत्स्यपालक वाचक