पन्नाशीपुढचे बेरोजगार कुठल्याच आकड्यात नाहीत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-१बी व्हिसाच्या (परदेशी कुशल कामगारांना अमेरिकेत ठरावीक काळ नोकरी करू देणाऱ्या परवान्याच्या) नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हापासून आपल्या दैनिकात या विषयावर बरंच छापून आलं. इकडे अमेरिकेत यायच्या तयारीत असलेल्या मुलांचं काय होणार, त्यांचं शैक्षणिक कर्ज कसं फिटणार, आयटी कंपन्यांवर काय परिणाम होणार. हे सगळं यायलाच हवं. पण या प्रकरणातला एक माणूस त्या बातम्यांत मला अजून भेटलेला नाही. वय पंचावन्नच्या पुढे, शिक्षण उत्तम, अनुभव पंचवीस-तीस वर्षांचा आणि हाताला काम नाही. तो अमेरिकेत जन्मलेला असतो, तसा आपल्यातलाही असतो. नव्वदच्या दशकात याच व्हिसावर आलेला, पुढे ग्रीन कार्ड आणि नंतर नागरिकत्व मिळालेला मराठी इंजिनिअर. मी त्यांच्यापैकीच एक. न्यू जर्सीत राहतो.

इथल्या कंपन्या आणि त्यांची बाजू मांडणारे राजकारणी एक आकडा नेहमी तोंडावर फेकतात. पदवीधरांमधली बेरोजगारी गेली काही वर्षं दोन-तीन टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे माणसं मिळत नाहीत, म्हणजे ती बाहेरून आणायलाच हवीत. हा आकडा निघतो कसा ते पाहा. दर महिन्याला सुमारे ६० हजार कुटुंबांकडे सरकारतर्फे चौकशी होते. चौकशीसाठी धरलेल्या आठवड्यात मोबदला घेऊन तुम्ही एक तास जरी काम केलं असेल, तरी तुम्ही नोकरीत धरले जाता. आणि मागच्या चार आठवड्यांत नोकरीसाठी काही खटपट केली नसेल, तर तुम्हाला बेरोजगारही म्हणत नाहीत, तुमची गणतीच श्रमशक्तीच्या बाहेर होते.

माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मुंबईचे एम.टेक. उमेदीची सगळी वर्षं टेलिकॉममध्ये गेली. आता ते रात्रपाळीला गोदामात पार्सलं स्कॅन करतात. सरकारी हिशेबात ते पूर्णवेळ नोकरदार. दुसरे एक जण आठवड्यातून दोन संध्याकाळी आजूबाजूच्या मुलांना गणित शिकवतात, तेही नोकरदार. डेटाबेसच्या कामात मुरलेल्या एक बाई अर्ज करून करून थकल्या आणि नात सांभाळू लागल्या. त्या तर कशातच नाहीत. यू-सिक्स नावाचा एक व्यापक आकडाही सरकार देतं. नाइलाजाने अर्धवेळ काम करणारे त्यात येतात, वर्षभरात कधीतरी नोकरी शोधून थांबलेलेही येतात. पण पार्सलं स्कॅन करणारा एम.टेक. त्यातसुद्धा येत नाही, कारण तो तर पूर्णवेळ कामावर आहे!

आणि झाकण्यात आपणही कमी नाही. मंडळाच्या गणपतीत कुणी विचारलं, ‘सध्या काय चाललंय?’, तर ठरलेली उत्तरं असतात. ‘कन्सल्टिंग करतोय.’ ‘जरा ब्रेक घेतलाय.’ ‘आईची तब्येत बरी नसते, तिकडे येऊन-जाऊन असतो.’ विचारणाऱ्याला कळतं आणि तो विषय बदलतो. पंचविशीत दोन बॅगा घेऊन आलेल्या, सगळं स्वतः उभं केलेल्या माणसाला मुलांच्या लग्नाच्या वयात ‘मला नोकरी नाही’ असं म्हणणं किती जड जातं, ते मला चांगलं ठाऊक आहे. त्यात इथे आरोग्य विमा नोकरीला जोडलेला. नोकरी सुटली की जुना विमा साधारण दीड वर्ष ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही स्वतःच्या खिशातून भरून. मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, मिळतं पासष्टाव्या वर्षी. मधली वर्षं कशी काढायची? कितीतरी घरांत बायकोची नोकरी केवळ विम्यासाठी टिकवली जातेय, तिची तब्येत साथ देत नसतानाही.

माझी नोकरी एका विमा कंपनीत होती, मेनफ्रेमवर, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार सांभाळणाऱ्या मोठ्या संगणकांवर. शेवटचे काही आठवडे मला एकच काम दिलं होतं, केटी. म्हणजे माझं सगळं ज्ञान माझ्या जागी येणाऱ्याच्या हवाली करायचं. तो मुलगा लातूरकडचा. पहिल्या दिवशी माझं आडनाव पाहून बिचकत म्हणाला, ‘सर, तुम्ही मराठी का?’ दुसऱ्या दिवसापासून मी काका झालो. ‘काका, महिनाअखेरची बॅच मध्यरात्री अबेंड झाली तर रीस्टार्ट कुठून द्यायचा?’ अबेंड म्हणजे काम मध्येच बंद पडणं. याचं कागदावर काहीच नव्हतं, सगळं डोक्यात होतं. मी सांगत गेलो, तो लिहून घेत गेला. मुलगा हुशार आणि मन लावून काम करणारा. त्याच्यावर माझा तेव्हाही राग नव्हता, आजही नाही.

नंतर सेव्हरन्सचे, म्हणजे नोकरीवरून काढताना दिल्या जाणाऱ्या भरपाईचे, कागद आले. एकदम अनेकांना काढलं, तर चाळिशीपुढच्या माणसाला सही करण्यापूर्वी विचारासाठी ४५ दिवस द्यावे लागतात आणि सोबत एक तक्ता द्यावा लागतो, असा १९९० चा कायदा आहे. त्या तक्त्यात नावं नसतात. हुद्दा, वय, त्या वयाचे किती काढले, किती ठेवले, एवढंच. माझ्या तक्त्यात काढलेल्यांच्या रकान्यात ५४, ५६, ५७, ५९, ६१ अशी वयं एकाखाली एक होती. माझ्या जागी आलेला मुलगा त्या तक्त्यात कुठेच नव्हता, कारण तो कंपनीचा नव्हताच, कंत्राटदाराचा होता. तो कागद एखाद्या न्यायाधीशापुढे ठेवला, तरी एका म्हाताऱ्याच्या जागी एक तरुण आला हे त्यावरून दिसणार नाही. सही केली की कोर्टात जायचा हक्क सोडावा लागतो, आणि घराचे हप्ते चालू असताना बहुतेक जण सही करतात. मीही केली. वयावरून भेदभाव करू नये हा कायदा १९६७ पासून आहे. पण २००९ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, वय नसतं तर नोकरी गेलीच नसती, हे कामगाराने सिद्ध करायचं. ते सिद्ध होणार तरी कसं?

आपल्याकडे एक समज पक्का आहे की, आधी अमेरिकन माणूस शोधायचा, नाही मिळाला तरच एच-१बीवर माणूस आणायचा. बहुतेक कंपन्यांवर असं बंधन नाही. ज्यांच्याकडे या व्हिसावरच्या माणसांचं प्रमाण मोठं आहे, अशा कंपन्यांवर ते आहे, पण वर्षाला ६० हजार डॉलर पगार दिला की त्यांनाही सूट. ही ६० हजारांची रेघ १९९८ ची आहे आणि आजही तिथेच आहे. पगाराच्या चार पातळ्या आहेत. त्यातल्या खालच्या दोन त्या कामाच्या स्थानिक मध्यम पगाराच्याही खाली धरलेल्या आहेत, म्हणजे कमी पगार द्यायची मुभा नियमातच आहे. इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट या इथल्या संशोधन संस्थेच्या २०२० च्या अभ्यासानुसार, मंजुरी मिळालेल्या जागांपैकी सुमारे ६० टक्के जागा याच खालच्या दोन पातळ्यांवरच्या होत्या. नवशिक्याच्या पातळीवर जागा काढली, की तीस वर्षं अनुभवाचा माणूस आपोआप ‘ओव्हरक्वालिफाइड’ ठरतो.

पण नुसत्या पगारावर बोलून भागणार नाही. कंपनीला त्याहून मोलाची गोष्ट मिळते ती म्हणजे सोडून न जाणारा माणूस. रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि एच-१बीच्या मंजूर अर्जांत सत्तर टक्क्यांच्या आसपास आपले भारतीय लोक. त्यामुळे लातूरच्या त्या मुलाला ग्रीन कार्डच्या रांगेत कित्येक वर्षं काढावी लागणार. नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस, नाहीतर गाशा गुंडाळायचा. असा मुलगा रात्री-बेरात्री फोन आला तर ‘नाही’ म्हणेल का? पगारवाढ मागेल का? मला घरी बसवणारा आणि त्याला वेठीला धरणारा नियम एकच आहे. म्हणून भारतीयांविरुद्ध इथे सध्या जे गरळ ओकलं जातंय ते मला असह्य होतं. ज्याच्या हातात काहीच नाही, त्यालाच लोक शिव्या देताहेत.

एक लाखाच्या शुल्काने माझ्यासारख्याची नोकरी परत येईल असंही मला वाटत नाही. ते काम उचलून हिंजवडीला किंवा खराडीला नेणं कंपनीला सोपं आहे, आणि तिथेही पंचेचाळिशीच्या प्रोजेक्ट मॅनेजरला काय भोगावं लागतं हे आपल्या पुण्याच्या वाचकांना सांगायला नको. पगाराची किमान पातळी मध्यम पगाराच्या वर न्या. आणि व्हिसा कामगाराच्या हातात द्या, म्हणजे रांगेतली जागा न गमावता आणि नवा मालक कागद करेल की नाही या धास्तीशिवाय त्याला नोकरी बदलता येईल. मग ज्याचं कौशल्य खरंच दुर्मीळ आहे तो येईल, आणि स्वस्त व मुकाट माणूस हवा म्हणून कुणाला आणलं जाणार नाही.

आपल्याला विनंती एवढीच. इथल्या मराठी माणसाबद्दल लिहाल तेव्हा सीईओ झालेल्यांच्या आणि व्हिसा न मिळालेल्यांच्या बरोबरीने या लोकांकडेही वार्ताहर पाठवा. एडिसन, पार्सिपनी, ब्रिजवॉटर, न्यू जर्सीत कुठेही पाठवा. नाव न छापण्याच्या अटीवर बोलतील. आणि इथल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांनी हे वाचलं, तर त्यांनाही सांगतो: रिटायरमेंट प्लॅनिंगची व्याख्यानं ठेवता, तशी एक बैठक पन्नाशीनंतर नोकरी गेलेल्यांसाठी ठेवा. विम्याचं काय करायचं, सेव्हरन्सच्या कागदावर सही करण्यापूर्वी कुठल्या वकिलाला दाखवायचं, आपल्यापैकी कोणाच्या कंपनीत अनुभवी माणूस घेतात, एवढं जरी तिथे बोललं गेलं तरी पुष्कळ घरांना उपयोग होईल. जागेची व्यवस्था मी करतो.

आपला,
एक वाचक
मिडलसेक्स काउंटी, न्यू जर्सी